खेळाचा दर्जा आणि गुणांचा हिशेब

निरभ्र दिवशी जेथून समुद्रापलीकडील फ्रान्सचा किनारा दिसतो, त्या इंग्लंडच्या केंट परगण्यातील फोकस्टन गावी हार्वे ग्रामर स्कूल या नावाची मुलांची एक जुनी शाळा आहे. रक्त शरीरात अखंड फिरत असते व हृदयाच्या आकुंचनाने त्यास ही गती मिळते, असा सिद्धान्त १६२८ साली ग्रंथरूपाने मांडून ज्याने वैद्यकाची दिशाच पालटली, तो विल्यम हार्वे याच गावचा; त्याच्या पश्चात त्याच्या ठेवीच्या पैशातून १६७४ मध्ये ही शाळा निघाली; आणि देहव्यापाराचे रहस्य उलगडणाऱ्या पुरुषाचे नाव मिरवणाऱ्या या विद्यालयास सव्वातीनशे वर्षांनंतर सरकारदरबारातून ‘स्पोर्ट्स कॉलेज’ हा विशेष दर्जा मिळावा, हा योगायोग मोठा रोचक आहे. खेळाचे या शाळेस वावडे कधीच नव्हते. लेस एम्स हा येथलाच विद्यार्थी. १९३२ च्या जून महिन्यात भारत आपला पहिला कसोटी सामना लॉर्ड्सवर खेळला आणि नागपूरला जन्मलेले सी. के. नायडू आपल्या संघाचे कर्णधार म्हणून फलंदाजीस उतरले, तेव्हा यष्ट्यांमागे उभा होता तो हाच. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत शतकांचे शतक ओलांडणारा यष्टिरक्षक त्याच्याखेरीज दुसरा झालेला नाही.

परंतु एखाद्या शाळेची कीर्ती गाणे हा या लेखाचा हेतू नव्हे. ज्या शाळेत मुलाचा प्रवेशच मुळी बुद्धीच्या परीक्षेने ठरतो तिला क्रीडेचा दर्जा द्यावा, आणि त्या दर्जाचे सार्थक झाले की नाही हे पुन्हा परीक्षेच्याच निकालावरून ठरवावे, या व्यवहारात जी तर्कविसंगती दडलेली आहे ती उकलून पाहावी, आणि ती उकलताना या दर्जाचे जे खरे पुण्य होते ते निकालपत्राच्या कोणत्याच रकान्यात का मावले नाही हे तपासावे, एवढाच येथे संकल्प आहे.

प्रथम या दर्जाची हकीकत सांगितली पाहिजे. १९८८ च्या शिक्षण सुधारणा कायद्यान्वये इंग्लंडात काही निवडक ‘सिटी टेक्नॉलॉजी कॉलेजे’ निघाली. तीच कल्पना पुढे चालू शाळांस लागू करून कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने आधी तंत्रविद्येच्या, मग १९९५ पासून भाषांच्या, आणि १९९६ साली घोषणा करून कला व क्रीडा यांच्याही विशेष शाळा ठरविण्यास आरंभ केला. १९९७ मध्ये सत्तांतर झाले, तथापि मजूर पक्षाने ही योजना मोडीत न काढता उलट तिला असे काही बळ दिले की २०१० च्या सुमारास दहांपैकी नऊ माध्यमिक शाळा कसल्या ना कसल्या विशेषतेची पाटी लावून बसल्या होत्या. (जेथे सर्वच विशेष, तेथे सामान्य कोण, हा प्रश्न विचारण्याची फुरसत मात्र कोणास झाली नसावी.) दर्जा मिळविण्याची रीत अशी की शाळेने प्रथम खाजगी देणगीदारांकडून रक्कम उभी करावी, ती आरंभी १,००,००० पौंड होती व १९९९ पासून ५०,००० झाली, त्यावर सरकारने इमारत व साहित्य यांसाठी १,००,००० पौंडांचे अनुदान आणि शिवाय दर विद्यार्थ्यामागे सालीना सुमारे १२९ पौंड द्यावेत. नऊशे मुलांच्या शाळेस ही वार्षिक प्राप्ती १,१६,००० पौंडांच्या घरात जाते. मुख्याध्यापकाने हा पैसा का नाकारावा?

पैशाबरोबर अर्थातच शर्ती आल्या. अर्जासोबत काही वर्षांच्या मुदतीचा आराखडा जोडावा लागे. त्यात विशेष विषयातील उद्दिष्टे, संपूर्ण शाळेच्या परीक्षा-निकालांची उद्दिष्टे आणि शेजारच्या शाळा व गाव यांच्यासाठी करावयाच्या कामाची उद्दिष्टे, सारी मोजता येतील अशा आकड्यांत मांडावी लागत. आणि मुदत सरली की त्या आकड्यांची तपासणी होऊन दर्जा कायम करावयाचा की काढून घ्यावयाचा हे ठरे. योजनेचे जाहीर प्रयोजन हेच होते की शाळेने एका विषयात प्रावीण्य मिळविले म्हणजे त्या प्रावीण्याची हवा सर्व वर्गांत खेळेल आणि सगळ्याच विषयांचे निकाल उंचावतील. भाषा किंवा विज्ञान यांच्या बाबतीत हे विधान निदान समजण्याजोगे तरी आहे. क्रीडेच्या बाबतीत त्याचा अर्थ असा होतो की हॉकीच्या मैदानाने बीजगणिताच्या तासाला हात द्यावा.

आता ग्रामर स्कूल ही काय चीज आहे ते पाहू. मुलांच्या बुद्धीचे तीन प्रकार असतात असे १९४३ च्या नॉरवुड समितीने गृहीत धरले. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर त्या गृहीतकावर माध्यमिक शाळांची त्रिविध रचना उभी राहिली, आणि अकराव्या वर्षी एका परीक्षेने मुलाचे भवितव्य ठरू लागले. १९६५ साली मजूर सरकारने एक परिपत्रक काढून स्थानिक शिक्षणमंडळांस ही विभागणी मोडण्याचा आग्रह केला, आणि पुढील दीड-दोन दशकांत बाराशे-तेराशे ग्रामर शाळांपैकी बहुतेक लयास गेल्या. तरीही केंट, लिंकनशायर, बकिंगहॅमशायर अशा काही परगण्यांनी दाद दिली नाही. ज्या काळाविषयी आपण बोलत आहोत त्या काळी अशा १६४ शाळा उरल्या होत्या, आणि १९९८ च्या कायद्याने नवी काढण्यास मनाई होती. केंटमध्ये आजही दहा-अकरा वर्षांची मुले परीक्षेस बसतात; त्यांतील काही ग्रामर शाळेत जातात आणि बाकीची ‘इतर’ शाळांत. या निवडीत बुद्धीबरोबर घरची सांपत्तिक स्थितीही निवडली जाते, हे सांगण्यास मोठे संशोधन नको: गरिबीमुळे शाळेत मोफत जेवण मिळण्यास पात्र असलेली मुले ग्रामर शाळांच्या नव्या प्रवेशांत शंभरांत तीनही नसत.

अशी शाळा क्रीडेचा दर्जा घेते आणि दोन-चार वर्षांनी तिच्या अहवालात लिहिले जाते की पाच विषयांत उत्तम श्रेणी मिळविणारी मुले शंभरांत अठ्ठ्याण्णव, म्हणून दर्जा फलद्रूप झाला. पाडाला आलेलेच आंबे वेचून आणावेत, ते अढीत घालावेत आणि चार दिवसांनी त्यांची गोडी पेंढ्याच्या नावे जमा करावी, त्यातलाच हा प्रकार होय. अठ्ठ्याण्णव टक्के हे त्या शाळेचे दर्जापूर्वीचेही निकाल होते. जेथे वर चढावयास दोनच पायऱ्या शिल्लक आहेत तेथे चढण मोजण्याचे मापच कुचकामी ठरते. आणि समजा, पुढल्या वर्षी अठ्ठ्याण्णवाचे नव्व्याण्णव झाले, तरी त्या एका टक्क्यात मैदानाचा वाटा किती, नव्या गणितशिक्षकाचा किती आणि त्या वर्षीच्या मुलांच्या उपजत हुशारीचा किती, हे कोणता हिशेबनीस वेगळे काढून दाखविणार?

योजनेच्या पुरस्कर्त्यांनी अर्थात एवढा भोळा हिशेब मांडला नव्हता. विशेष शाळांच्या न्यासासाठी यॉर्क विद्यापीठाचे प्राध्यापक डेव्हिड जेसन यांनी वर्षानुवर्षे विश्लेषण करून, मुलांची अकराव्या वर्षीची तयारी हिशेबात घेतली तरीही विशेष शाळा इतर शाळांहून सरस निकाल देतात, असे प्रतिपादन केले, आणि न्यासाचे अध्यक्ष सर सिरिल टेलर यांनी ते मंत्र्यांच्या कानी अखंड घातले. त्यावर इयन शेगन व हार्वी गोल्डस्टाइन या संख्याशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये पद्धतीविषयीच आक्षेप घेतले. त्या तांत्रिक वादात न शिरताही एक साधी गोष्ट सामान्य वाचकाच्या ध्यानी येईल. पन्नास हजार पौंडांची देणगी जमविणे, सुबक आराखडा लिहिणे आणि आपले निकाल चढत्या कमानीवर आहेत हे दाखवून देणे, ज्या शाळेस हे सारे जमले तिलाच दर्जा मिळत असे. म्हणजे चांगल्या चालणाऱ्या शाळा निवडून त्यांना पाटी दिली, आणि मग पाटी असलेल्या शाळा चांगल्या चालतात असा शोध लावला. ग्रामर शाळेच्या बाबतीत तर ही निवड दुहेरी झाली: शाळेने मुले निवडली, आणि खात्याने शाळा निवडली.

याहूनही बोलका पुरावा खुद्द क्रीडाशाळांतच होता. विशेष शाळांच्या निरनिराळ्या वर्गांची सरासरी पाहिली तर भाषांच्या शाळा माथ्यावर आणि क्रीडेच्या शाळा तळाकडे असे चित्र दिसे. याचा अर्थ फ्रेंच शिकल्याने बुद्धी वाढते आणि धावल्याने घटते असा कोणी करणार नाही. भाषेचा दर्जा मागणाऱ्या शाळांत ग्रामर शाळा व सुखवस्तू वस्तीतील शाळा अधिक होत्या, क्रीडेचा दर्जा मागणाऱ्यांत कामगार वस्तीतील शाळा पुष्कळ होत्या, एवढाच त्याचा अर्थ. आणि याच क्रीडावर्गात जेव्हा एखादी ग्रामर शाळा येई तेव्हा ती अर्थातच माथ्यावर जाऊन बसे. दर्जा तोच, अनुदान तेवढेच, व्यायामाचे तास तितकेच. तरी एका शाळेचे निकाल गगनाला भिडलेले आणि दुसरीचे मध्यम. कारण समान असता कार्य भिन्न होत असेल तर कारण दुसरीकडे शोधावे, हा न्याय आपल्याकडील तर्कशास्त्राच्या प्राथमिक विद्यार्थ्यासही ठाऊक असतो.

मग खेळाचा अभ्यासावर परिणाम होतच नाही काय? असे म्हणणे दुसऱ्या टोकाचा अन्याय होईल. पॅरिसच्या वेशीवरील व्हान्व्ह या उपनगरात १९५० नंतर डॉक्टर माक्स फूरेस्तिए यांच्या प्रेरणेने एक प्रयोग झाला: मुलांनी सकाळी वर्गात बसावे आणि दुपार मैदानावर, तलावात, मोकळ्या हवेत घालवावी. अभ्यासाचे तास इतके छाटूनही ती मुले परीक्षेत मागे राहिली नाहीत, आणि आरोग्य व उत्साह यांत तर पुढे गेली. पुढे १९७० च्या दशकात कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील त्र्वा-रिव्हिएर येथे पाचशेंहून अधिक प्राथमिक विद्यार्थ्यांवर रॉय शेफर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी अधिक शिस्तीने तसाच प्रयोग केला. काही मुलांना दररोज एक तास व्यायाम दिला, त्यासाठी वर्गातील वेळेचा सुमारे सातवा हिस्सा कापला, आणि तरीही त्या मुलांचे गुण घटले नाहीत, किंचित वरच गेले. या दोन्ही प्रयोगांतून निष्पन्न होते ते एवढेच की खेळाला वेळ दिल्याने अभ्यास बुडत नाही. आईबापांच्या मनातील एक जुनी धास्ती त्याने दूर होते, आणि ते थोडे नव्हे. परंतु ‘बुडत नाही’ या सिद्ध विधानावरून ‘खेळ हेच गुण वाढविण्याचे साधन’ या असिद्ध विधानावर उडी मारणे निराळे, आणि त्या उडीवर एका राष्ट्राच्या खजिन्यातून रकमा वाटणे आणखी निराळे.

खरे सांगावयाचे तर खेळाला स्वतःच्या पायावर उभे राहू न देण्याची इंग्रजांची खोड जुनी आहे. रग्बी येथील शाळेचे हेडमास्टर टॉमस अर्नोल्ड यांच्या नावे शालेय खेळांचे जे माहात्म्य जगभर पसरले, ते पुष्कळसे १८५७ साली निघालेल्या टॉम ब्राउनच्या शाळकरी दिवसांवरील कादंबरीने पसरविले. अर्नोल्ड यांना स्वतःला खेळात फारसा रस नव्हता. खेळाची पद्धतशीर संघटना केली ती त्यांच्या हाताखालून गेलेल्या जॉर्ज कॉटन यांनी, १८५२ मध्ये मार्लबरोच्या शाळेची सूत्रे हाती घेतल्यावर; आणि केली ती का, तर आदल्याच वर्षी त्या शाळेतील मुलांनी बंड केले होते व रिकाम्या दुपारी ती आसपासच्या मुलखात धुडगूस घालीत असत, म्हणून. मुलांना कुंपणाच्या आत ठेवण्याचा तो बंदोबस्त होता. (हेच कॉटन पुढे कलकत्त्याचे बिशप होऊन आले, सिमल्याची व बंगळूरची शाळा आजही त्यांचे नाव लावते, आणि आपल्याकडे ‘मैदानावर चारित्र्य घडते’ हे वाक्य इंग्रजी शाळांतून रुजले ते या परंपरेचेच कलम.) जुन्या ग्रामर शाळांनीही मोठ्या निवासी शाळांचे अनुकरण करून हाऊस, कॅप आणि वार्षिक सामने यांची आरास केली.

याच सुमारास, १८७० च्या कायद्याने निघालेल्या गरिबांच्या प्राथमिक शाळांत काय चालले होते? तेथे खेळ नव्हता, कवाईत होती. फरसबंद अंगणात रांगा करून, हुकुमाबरोबर हात वर-खाली करणे हाच कामगाराच्या मुलाचा व्यायाम. बोअर युद्धात भरतीला आलेले तरुण शरीराने इतके दुबळे निघाले की सरकार हादरले. १९०२ साली शाळांसाठी जो नमुना-पाठ्यक्रम निघाला तो तर उघडउघड लष्करी कवाइतीवरच बेतलेला होता. प्राथमिक शाळेत तासाच्या वेळी संघटित खेळ खेळू देण्यास शिक्षणखात्याने मंजुरी दिली ती १९०६ मध्ये. म्हणजे सुमारे साडेतीन दशके इंग्लंडात श्रीमंताच्या मुलाला क्रिकेट आणि गरिबाच्या मुलाला ‘डावे-उजवे’ अशी वाटणी राहिली. प्रत्येक पिढीने खेळाकडे दुसऱ्याच कामाचा दाखला मागितला: कधी शिस्तीचा, कधी सैन्याच्या भरतीचा, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस परीक्षेच्या निकालाचा. यांपैकी शेवटचा दाखला मला सर्वांत घातक वाटतो. कारण शिस्त आणि शरीरसामर्थ्य हे तरी खेळाच्या पोटातून निघणारे गुण होत, भूगोलाच्या उत्तरपत्रिकेचे तसे नाही.

घातक म्हणण्यास प्रत्यक्ष कारणही आहे. दर्जा टिकविण्यासाठी विशेष विषयातील परीक्षा-निकाल दाखविणे भाग असल्याने शारीरिक शिक्षण हा लेखी परीक्षेचा विषय म्हणून फोफावला. सोळा वर्षांच्या मुलाने मांडीच्या स्नायूंची लॅटिन नावे पाठ करावीत, हृदयाच्या ठोक्यांचा आलेख काढावा, खेळातील जाहिरातबाजीवर टिपण लिहावे, आणि हे सारे ज्या तासाला करावे त्या तासाला बाहेरचे मैदान रिकामे राहावे, असा हा देखावा. विषय म्हणून त्यात वाईट काही नाही. शरीरशास्त्राची गोडी काहींना त्यातूनच लागते. परंतु ज्या मुलाला वर्गातील कागदाचा जाच होतो म्हणून मैदान प्रिय वाटते, त्याच्यापुढे मैदानावरही कागदच ठेवणे ही सुधारणा म्हणता येणार नाही. आपल्या महाराष्ट्रात याच नाण्याची दुसरी बाजू दिसते: येथे शालान्त परीक्षेला बसलेल्या खेळाडूस सवलतीचे क्रीडागुण मिळतात, आणि त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र मिळविण्याची धावपळ कित्येक घरांत खेळण्याच्या धावपळीहून मोठी असते. तेथे खेळाने गुण वाढवून दाखवावेत अशी अपेक्षा, येथे खेळाचे गुणांत थेट रूपांतर. दोन्हीकडे नाणे एकाच टांकसाळीचे.

येथवर वाचून कोणी म्हणेल की तर मग ग्रामर शाळेस क्रीडेचा दर्जा देणे हा निव्वळ पैशाचा अपव्यय होता. माझे मत उलट आहे. तो दर्जा ग्रामर शाळेसच देणे सर्वांत योग्य होते, मात्र त्या कारणासाठी नव्हे ज्या कारणासाठी तो दिला गेला. शर्तीमध्ये एक कलम असे होते की वार्षिक अनुदानाचा एक तृतीयांश शाळेने स्वतःवर न खर्चता शेजारच्या शाळा व गाव यांच्यासाठी खर्चावा. मुख्याध्यापकांच्या भाषणांत या कलमाचा उल्लेख शेवटी, घाईघाईने येई. वृत्तपत्रांच्या निकालकोष्टकांत तर तो येण्याचे कारणच नव्हते. वस्तुतः सगळ्या योजनेत न्यायाला धरून काही असेल तर ते हे कलम होय. कारण ग्रामर शाळेचे शेजारी म्हणजे कोण? ज्या मुलांना अकराव्या वर्षी तिने दारातून परत पाठविले तीच मुले, आणि ज्या प्राथमिक शाळांतून ती वेचून घेते त्या शाळांत मागे राहिलेली मुले. जिने परीक्षेच्या बळावर कुंपण घातले तिलाच सरकारने सांगितले की आठवड्यातून काही तास फाटक उघडे ठेव.

हे काम प्रत्यक्षात कसे चाले ते पाहण्याजोगे आहे. २००० सालापासून क्रीडाशाळांना केंद्र करून ‘स्कूल स्पोर्ट पार्टनरशिप’ या नावाच्या साखळ्या उभारल्या गेल्या; लेडी स्यू कॅम्बेल यांच्या नेतृत्वाखालील यूथ स्पोर्ट ट्रस्ट ही संस्था त्यांच्या पाठीशी होती, आणि काही वर्षांत अशा सुमारे ४५० साखळ्यांनी सारे इंग्लंड व्यापले. साखळीतील प्रत्येक माध्यमिक शाळेच्या एका व्यायामशिक्षकास आठवड्यातून दोन दिवस वर्गाच्या कामातून मोकळे केले जाई, आणि प्रत्येक प्राथमिक शाळेतील एका शिक्षकास वर्षातून बारा दिवस. त्या दोन दिवसांत हा माणूस काय करी? गाडीत प्लॅस्टिकच्या बॅटी, हलके चेंडू आणि रंगीत शंकू टाकून तो गावातल्या एखाद्या लहानशा प्राथमिक शाळेत जाई, जेथे सहाच शिक्षक आणि त्यांपैकी एकालाही व्यायामाचे रीतसर शिक्षण नाही. तेथल्या वर्गशिक्षिकेस बरोबर घेऊन तो तास घेई, पुढल्या आठवड्यात तोच तास तिला घेऊ देई आणि आपण बाजूला उभा राही. सोळा-सतरा वर्षांची मोठी मुले पंच म्हणून, संघनायक म्हणून त्याच्याबरोबर येत. सामन्यांचे वेळापत्रक आखणे, गाडी ठरविणे, पावसाने सामना रद्द झाला तर दहा शाळांना फोन करणे, ही सारी नाव न होणारी कामे त्याच्याच शिरावर असत. दर आठवड्यास किमान दोन तास दर्जेदार शारीरिक शिक्षण व खेळ मिळणाऱ्या मुलांचे प्रमाण साखळीतील शाळांत २००३-०४ साली ६२ टक्के होते, ते २००७-०८ पर्यंत ९० टक्क्यांवर गेले. या आकड्यातही शाळांनी स्वतःच भरलेल्या माहितीचा दोष आहे हे मान्य करूनही, वाढ खरी होती याविषयी मला शंका वाटत नाही. कारण तिची यंत्रणा डोळ्यांनी दिसते. येथे कारण आणि कार्य यांमध्ये एक मोकळा केलेला शिक्षक उभा आहे. ग्रामर शाळेच्या निकालात आणि तिच्या हिरवळीत तसे कोणी उभे नव्हते.

अर्थात या दातृत्वात एक सूक्ष्म अहंकार शिरण्याचा धोका होता, आणि तो काही ठिकाणी शिरलाही असेल. परीक्षेत वरचढ ठरलेल्यांनी इतरांना खेळणेही शिकवावे, हे शेजारच्या शाळेतील स्वाभिमानी शिक्षकास बोचणे स्वाभाविक आहे. परंतु मैदानाचा एक गुण असा की तेथे अकराव्या वर्षीच्या परीक्षेचा निकाल चालत नाही. बुद्धिपरीक्षेत नापास झालेल्या मुलाच्या चेंडूवर पास झालेल्याचा त्रिफळा उडू शकतो, आणि उडतोही. ज्या परगण्यात मुलांची वाटणी इतक्या कोवळ्या वयात होते तेथे ती मुले पुन्हा एकत्र येण्याची स्थळे फार नसतात.

योजनेचा अंत झाला तो मात्र या भागाच्या गुणदोषांची तुलना करून नव्हे. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये नव्या सरकारचे शिक्षणमंत्री मायकल गोव्ह यांनी साखळ्यांसाठी राखून ठेवलेली १६.२ कोटी पौंडांची वार्षिक तरतूद बंद करण्याचे जाहीर केले. शाळाशाळांतील स्पर्धात्मक सामन्यांत भाग घेणारी मुले फार थोडी आहेत, असा त्यांचा एक मुद्दा होता, आणि तो अगदीच बिनबुडाचा नव्हता. खेळाडू, मुख्याध्यापक आणि मुले यांनी एवढी हाकाटी केली की डिसेंबरात सरकारला अंशतः माघार घ्यावी लागली. तथापि ती मुदतवाढच होती. २०११ च्या एप्रिलपासून विशेष दर्जाचे अनुदानही शाळांच्या सर्वसाधारण अंदाजपत्रकात विरघळून गेले. रक्कम सर्वस्वी गेली नाही, पण तिच्यावरील शर्ती गेल्या, आणि शर्तींबरोबर तो एक तृतीयांशाचा हक्कही गेला. लंडनमध्ये २०१२ चे ऑलिंपिक भरले तेव्हा, नव्या पिढीला प्रेरणा देण्याच्या घोषणा सर्वत्र होत असताना, ही साखळी अनेक ठिकाणी मोडकळीस आलेली होती. २०१३ पासून प्राथमिक शाळांना खेळासाठी स्वतंत्र रक्कम मिळू लागली खरी. परंतु ती थेट त्यांच्या हाती पडते, आणि पुष्कळ शाळा तीतून बाहेरच्या कंपन्यांचे प्रशिक्षक तासाच्या हिशेबाने आणतात. प्रशिक्षक येतो, तास घेतो, जातो. वर्गशिक्षिका तेवढ्या वेळात वह्या तपासते. ग्रामर शाळेचा त्या व्यवहाराशी संबंध उरत नाही.

ग्रामर शाळांचे काय झाले? विशेष काही नाही. दर्जाचे अनुदान गेले त्या वर्षी त्यांचे निकाल कोसळले नाहीत. दर्जा मिळाला त्या वर्षी ते आकाशाला भिडले नव्हते, तसेच हे. मैदाने, व्यायामशाळा, अनुदानाच्या पैशातून झालेले इमले त्यांच्यापाशी राहिले. कोणत्याही कारणमीमांसेस यापेक्षा स्वच्छ प्रयोग मिळणे कठीण: औषध दिले, फरक नाही, औषध थांबविले, फरक नाही. फरक पडला तो शेजारी, जेथे कोणी निकाल मोजतच नव्हते.

असा दर्जा पुन्हा निर्माण करण्याची बुद्धी कोणत्याही सरकारला झाली, आणि इंग्लंडात शिक्षणाच्या जुन्या योजना नव्या नावांनी परतण्याचा रिवाज पाहता ती होणे अशक्य नाही, तर मसुदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्यास माझे सांगणे इतकेच राहील की अर्जातून परीक्षा-निकालांचा रकाना समूळ काढून टाकावा. प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या शाळेकडून त्याऐवजी मैदानाची नोंदवही मागवावी: सरत्या वर्षात आपण नाकारलेल्या मुलांच्या शाळा आपल्या मैदानावर किती दुपारी खेळल्या, त्यांची ने-आण करणाऱ्या गाडीचे भाडे कोणी भरले, आपला कोणता शिक्षक किती दिवस तिकडे गेला आणि त्याच्या जागी वर्ग कोणी घेतला, आणि त्या शाळांशी झालेल्या सामन्यांत आपण किती वेळा हरलो.